अण्णांच्या शेडमधलं जंगल

किस्से जमवावे लागत नाहीत, कोपऱ्यात पाचोळा साठतो तसे साठतात. आमच्या अण्णांकडे तर बारमाही पानगळ!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बंगळुरात, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत अण्णांचं छोटं वर्कशॉप होतं. पत्र्याची शेड, चार लेथ, नऊ कामगार आणि पुण्याहून आलेला ड्राफ्ट्समन मी. अण्णा एकदा सर्जापूर रोडच्या एका शेतावर आठवडाभर पर्माकल्चर, म्हणजे जंगलाच्या रीतीनं शेती, शिकून आले. शेत तर नव्हतं. मग नियम कारखान्याला लावले!

*

पहिला नियम, काही वाया घालवायचं नाही. पत्र्यावरचं पाणी पिंपात, पिंपातलं हात धुवायला, तिथून दारातल्या केळीला. वर्षभरात केळफूल आलं. अण्णांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, हौसेनं भाजी केली. लेथवरचा म्हातारा टर्नर रंगप्पा पहिला घास घेऊन म्हणाला, "अक्का, फोडणी कुठल्या मशीनच्या ग्रीसची?"

*

"जंगलाच्या कडेला सगळ्यात जास्त जीव असतो," असं म्हणून अण्णांनी शेजारच्या वर्कशॉपच्या भिंतीत दार पाडलं. शेजारी आमचाच धंदा करणारा! महिन्याभरात त्यांचा चहा इकडे, आमची हत्यारं तिकडे. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "मालक कोण?" दोघा मालकांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

*

मिश्र पिकावर अण्णा तासभर बोलायचे. मी एकदा म्हटलं, "अण्णा, आपलं सगळं काम एकाच कंपनीचं आहे."

"स्वल्प थांब रे. तेही करू."

कंपनीनं काम बंद केलं. अण्णा दोन दिवस केळीखाली बसून होते. मला माझ्याच जिभेचा राग आला. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "शेड विकतो." रंगप्पा या वयात कुठे जाणार?

*

शेडला गिऱ्हाईक आलं के. आर. पुरमहून. त्याला गोडाऊन करायचं होतं. कराराचे कागद तयार होते. अण्णांनी एकच अट घातली. "जमिनीला हात लावायच्या आधी ती बघायची असते. आजचा दिवस इथे बसा. काही करू नका."

"सरी, बरं," म्हणून तो हसत खुर्चीत बसला. सकाळी सारखं घड्याळ बघत होता. मग पत्र्याच्या भोकांतून आलेले उन्हाचे ठिपके फरशीवर सरकताना बघू लागला. अक्कांनी केळीच्या पानावर वाढलं. उरलेसुरले नग काढत लेथ एका सुरात चालले होते. मी नकाशा पुढ्यात घेऊन नुसता बसलो होतो. मनातून सारखं वाटत होतं, हा माणूस उठूच नये.

पाच वाजता तो उठला. लेथ थांबले. सगळे त्याच्याकडे बघत उभे राहिले. अण्णांनी खिशातून पेन काढलं.

तो जरा ओशाळून म्हणाला, "अण्णा, उद्या परत येऊ का? दुपारचं बघायचं राहिलं. झोप लागली."

अण्णांनी पेन खिशात ठेवलं. "रंगप्पा," ते म्हणाले, "ती खुर्ची उचलू नकोस."