सरांनी सांगितलेलं पान

सरांनी माझा केसाने गळा कापला, हे मी इतक्या वर्षांनंतरही शांतपणे सांगू शकत नाही. तेव्हा शांतपणाची अपेक्षा ठेवून वाचू नका.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी पनवेलच्या एका कॉलेजात तासांवर तत्त्वज्ञान शिकवत होते. तासांवर म्हणजे उन्हाळ्यात पगार नाही आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतील याचा भरवसा नाही. पीएच.डी. झाली तर कायम करू, असं प्राचार्य म्हणाले होते. वडील तळोज्याच्या कारखान्यातून खोकला घेऊन घरी बसलेले, आई गव्हाणची, शाळेची पायरी न चढलेली. घरात कमावती मी एकटी. सगळं त्या डिग्रीवर टेकलेलं होतं.

माझे मार्गदर्शक सर मुंबईच्या एका कॉलेजात होते, पण राहायचे पनवेललाच, तळ्यामागच्या सोसायटीत. रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जायचे. लिहायला त्यांनीच शिकवलं, ते नाकारणार नाही. पहिलं प्रकरण घेऊन गेले तर प्रत्येक ‘मला वाटतं’खाली लाल रेघ. ‘तुला काय वाटतं ते घरी आईला सांग,’ म्हणाले. ‘इथे कोण म्हणतं, कुठे म्हणतं आणि का म्हणतं, तेवढंच.’ मी तणतणत घरी आले आणि मग मुकाट्याने सगळं पुन्हा लिहिलं. छापखान्यातून वाया गेलेल्या लग्नपत्रिका आणायच्या आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर टिपणं काढायची, एका पत्रिकेवर एकच मुद्दा, हेही त्यांचंच शिकवणं. आमच्या पलंगाखाली कुणाकुणाच्या लग्नांवर न्यायदर्शन पसरलेलं असायचं.

सगळ्यात अवघड होता पूर्वपक्ष. म्हणजे आपल्याला ज्याचं म्हणणं खोडून काढायचंय त्याची बाजू आधी मांडायची, आणि ती अशी भक्कम की तो स्वतः आला तर म्हणाला पाहिजे, बाई, मलाही इतकं जमलं नसतं. माझा पूर्वपक्ष सर पुन्हा पुन्हा परत करायचे. ‘तू त्याला मुद्दाम मूर्ख बनवतेस. मूर्खाला हरवून तुला काय मिळणार?’

विषय होता शब्दप्रमाण. दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपल्याला जे कळतं ते खरोखर ज्ञान का? आपण पनवेलच्या स्टँडवर विचारतो, अलिबागची गाडी कुठे लागते? कुणीतरी हात करतं आणि आपण चालू लागतो. त्याचं चारित्र्य तपासत बसत नाही. माझं म्हणणं असं की हा विश्वास हाच ज्ञानाचा एक स्वतंत्र मार्ग आहे. विरुद्ध पक्ष म्हणतो, छे, हा नुसता अनुमानाचा प्रकार. हा माणूस आजवर खरं बोलत आला, म्हणून आताही बोलत असणार, एवढंच.

चौथ्या प्रकरणात मी अडले. शब्द हे वेगळं प्रमाण, एवढं न्यायदर्शन म्हणतंच; पण बोलणाऱ्याला न तपासता ठेवलेला विश्वासही चालतो, असं म्हणणारा जुना आधार सापडेना. सर म्हणाले, ‘अगं, एका जुन्या टीकाकाराने अगदी हेच म्हटलंय.’ डोळे मिटून त्यांनी संस्कृत वाक्य म्हणून दाखवलं, ग्रंथ सांगितला, पान सांगितलं. तो ग्रंथ आमच्या लायब्ररीत नव्हता. मी म्हटलं, पुण्याला जाऊन बघून येते. सर हसले. ‘शब्दप्रमाणावर प्रबंध लिहितेस आणि माझ्या शब्दावर विश्वास नाही?’ मीही हसले. वाक्य घातलं, पान घातलं आणि अख्खं प्रकरण त्यावर उभं केलं.

व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक आले होते, सावकाश बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, ‘हे वाक्य मी शोधलं. त्या पानावर नाही. त्या ग्रंथातच नाही. तुम्ही कुठे पाहिलंत?’

मी सरांकडे पाहिलं. खरं सांगते, मला भीती वाटलीच नाही. सर शेजारी बसले होते ना! म्हणतील, माझीच आठवण चुकली असेल, आणि विषय मिटेल. मी म्हटलं, ‘सरांनी सांगितलं होतं.’

सरांनी चष्मा काढून पुसला. ‘मला तसं काही आठवत नाही,’ म्हणाले. ‘मी विद्यार्थ्यांना नेहमी मूळ ग्रंथ पाहायला सांगतो.’

आवाजात कापरं नाही की काही नाही. कॉपी करताना धरलेल्या पोराकडे बघावं तसे सगळे माझ्याकडे बघू लागले. ते प्रकरण काढा, प्रबंध नव्याने लिहा आणि पुन्हा सादर करा, असं ठरलं.

आई तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, ‘तो खोटा बोलला, मंग तू त्याच्या तोंडावर का नाय बोललीस?’ काय सांगणार डोंबल? इतकी वर्षं वाद कसा घालावा तेच शिकत होते, आणि वेळ आली तेव्हा एक वाक्य फुटलं नाही.

मार्गदर्शक बदलायचा तर नोंदणीपासून पुन्हा सुरुवात. तेवढी वर्षं आमच्या घराकडे नव्हती. रविवारी परत त्यांच्याच दारात गेले. सरांनी नेहमीसारखं ‘ये’ म्हटलं, आत चहा सांगितला. मी वाट बघत बसले. चहा संपला तरी ते बोलेनात, तेव्हा मीच विचारलं, ‘सर, तुम्ही असं का केलंत?’

‘तुला दुरुस्त करून डिग्री मिळेल,’ ते म्हणाले. ‘माझं नाव गेलं असतं तर ते दुरुस्त झालं नसतं. चल, चौथं प्रकरण काढ.’

माफीचा एक शब्द नाही. मला त्या माणसाची शिसारी आली, आणि तरी मी कागद काढले.

पण चौथं प्रकरण होईना. विश्वासाबद्दल लिहायला बसले की हात थांबायचा. पूर्वपक्ष मात्र तयार होता, सरांनीच माझ्याकडून घासून घासून भक्कम करून घेतलेला. मी तोच माझा सिद्धान्त म्हणून मांडला. दुसऱ्याचा शब्द हे ज्ञान नव्हे. आधी बोलणारा तपासा, मग त्याचं म्हणणं माना. पुण्याला खेपा घालून प्रत्येक संदर्भ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. प्रबंध बिनतोड झाला, आणि मला त्यातलं एक अक्षर पटत नव्हतं. अजूनही पटत नाही. वर्गातली मुलं माझं ऐकून शिकतात, ती काय आधी माझी उलटतपासणी घेतात?

सादर करण्यापूर्वी सरांची सही लागणार होती. त्यांनी शेवटचं प्रकरण माझ्यासमोर वाचलं आणि फार खूश झाले. मग पेन उघडून थांबले. ‘मत अगदीच उलटं केलंस. हे तुला मनापासून पटलंय ना?’

‘हो सर,’ मी म्हटलं. त्यांच्याशी मी पहिल्यांदाच खोटं बोलत होते.

‘तू म्हणतेस म्हणजे झालं,’ सर म्हणाले, आणि त्यांनी सही केली.