नकाराची नोंद

परदेशातल्या या ओंगार उपनगरातले आमचे शेजारी सांगतात की, समोरच्या घरातल्या त्या गृहस्थाला फाटकाशी उभे राहणे आवडते. हे मला साफ नामंजूर आहे. मुलाकडे आल्यापासून मी रोज खिडकीतून पाहतो. तो पन्नाशीचा माणूस नाश्ता होताच कोटाची बटणे गळ्यापर्यंत लावतो आणि कोणीतरी फिरायला नेईल म्हणून उभा राहतो. बौद्धिक अपंगत्व असलेल्या चौघांचे ते घर. सांभाळायला मात्र एकच माणूस, तोही सतत बदलणारा. उरलेल्या तिघांना सोडून याला नेणार कोण?

"बाबा, तिथली केअर एकदम ग्रँड आहे," मुलगा म्हणाला. "रोजची नोंद ठेवतात."

मी तडक रस्ता ओलांडला आणि नव्या सेविकेला विचारले, "नोंदीत काय लिहितेस?"

केरळची ती पोर ओशाळली. "'फिरायला जाण्यास नकार दिला', असं लिहायला सांगितलंय, अंकल."

"मग मी नेतो यांना."

"नियमात बसत नाही, अंकल."

माझा आवाज चढला. तो गृहस्थ घाबरला, त्याने घाईने कोट काढून तिच्या हाती दिला.

"ओरडू नका," तो मला म्हणाला. "उद्या मी आणखी चांगला वागेन. मग नेतील."