हात वर आहे तोवर

तिला सगळे घार म्हणतात. पहिल्यांदा म्हणाली ती तिची सासू, तेही रागानं. पण गोदीतल्या सगळ्यांत उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसून खाली नजर ठेवणाऱ्या बाईला दुसरं शोभणार तरी काय? आधी ती धक्क्यावरचे खांब रंगवायची. मग क्रेनची परीक्षा दिली, पास झाली, आणि परवाना हातात आल्यावर कळलं की तिच्या क्रेनखाली उभं राहायला एक बाप्या तयार नाही. डोक्यावर एवढं लोखंड आणि दांडा बाईच्या हातात, म्हणजे भल्याभल्यांची पाचावर धारण. शेवटी धाकटा दीर पुढं झाला. तो बोलताना अडखळतो, हात मात्र अडखळत नाहीत. क्रेनवाल्याला खालून हातांनीच सांगावं लागतं : उचल, सोड, डावीकडं, थांब. झालं, दीर खाली आणि वहिनी वर. सासू म्हणायची, "घरात त्याचं एक ऐकत नाहीस, आणि तिथं दिवसभर त्याच्या बोटावर नाचतेस!"

तर ती खुर्ची तिला आयती मिळालेली नव्हती. पुढं बेतलं ते त्याच खुर्चीवर.

आमच्या गोदीत दोन गोष्टी कुणी मोडत नसे. एक, ज्याची दोरी धक्क्याला आधी बांधली त्याचा माल आधी उतरणार. दुसरी, क्रेनवाल्यानं आपल्याच इशारेवाल्याचे हात बघायचे. पण 'थांब' म्हणून हात वर करायचा हक्क सगळ्यांना. हमाल असो, पाहुणा असो, तो हात खाली येईपर्यंत क्रेननं हलायचं नाही. एकदा कँटीनमधल्या बाईनं हातातली पळी तशीच उंच धरली होती म्हणून दोन माणसं चिरडायची वाचली. तेव्हापासून त्या हाताला कुणी नाव ठेवलं नाही.

मग रॉकेटवाल्या कंपन्या आल्या. पूर्वी रॉकेट वर जायचं आणि त्याचा खालचा भाग समुद्रात बुडायचा, विषय संपला. आता तो भाग, म्हणजे बूस्टर, माल वर ढकलून माघारी येतो, भर समुद्रात तराफ्यावर चार पाय टेकून उभा राहतो, आणि टगबोट त्याला ओढत धक्क्याला आणते. घारनं तो उचलायचा, पाय मिटेपर्यंत अधांतरी धरायचा आणि लांबलचक ट्रकवर आडवा निजवायचा. धुऊनपुसून तोच परत उडणार. धक्क्यावरचे हमाल बूस्टरला माहेरवाशीण म्हणायचे. मोठ्या कंपनीची माहेरवाशीण ये-जा करून कढईच्या बुडासारखी काळी झाली होती. पुन्हापुन्हा तीच वापरल्यामुळं त्यांचा उड्डाणाचा दर इतका उतरला की स्पर्धेतल्या एका कंपनीनं गाशा गुंडाळलाही. दुसरी, धाकटी कंपनी कशीबशी तग धरून होती. तिच्या आधीच्या सगळ्या माहेरवाशिणी समुद्रानं गिळल्या होत्या.

त्या दिवशी सकाळी धाकट्या कंपनीचा तराफा धक्क्याला लागला, आणि त्यावर बूस्टर उभा होता! म्हणजे उभा कसला, एक पाय मुडपून कललेला, साखळ्यांनी आवळलेला. "पहिलटकरीण आली रे!" म्हणून हमालांनी आरोळी ठोकली. कंपनीची इंजिनिअर पोरगी धक्क्यावर उड्या मारत होती. तेवढ्यात मागून मोठ्या कंपनीचाही तराफा आला. दुपारनंतर समुद्र खवळणार, असा निरोप होता. एक बूस्टर उतरवायला अर्धा दिवस जातो. कललेला बूस्टर दुपारपर्यंत धक्क्यावर आला नाही तर लाटांवर आडवा होणार आणि त्याच्याबरोबर ती कंपनीही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मोठ्या कंपनीच्या साहेबाला सगळे घाईसाहेब म्हणत. तो तडक गोदीसाहेबांच्या खोलीत गेला. थोड्या वेळानं घारच्या वॉकीटॉकीवर गोदीसाहेबांचा आवाज आला.

"आधी मोठ्यांचं घे."

"दोरी कुणाची आधी बांधली?"

"मला शिकवू नकोस. त्यांचं पुढचं उड्डाण ठरलंय."

"मग त्यांनी आधी यायचं होतं."

"हे बघ, ऐकायचं नसेल तर उद्यापासून खाली. खुर्ची काही तुला आंदण दिलेली नाही."

घारनं वॉकीटॉकी बाजूला ठेवला. खाली दिरानं मान वर करून पाहिलं. तिनं धाकट्यांच्या तराफ्याकडं बोट केलं. दिरानं त्याच बाजूला हात फिरवला. क्रेनचा रिकामा आकडा तिकडं सरकू लागला.

तसा घाईसाहेब धावत मध्ये आला आणि त्यानं हात वर केला. थांब!

क्रेन थांबली.

"हां, आता वळवा आमच्याकडं," तो वर बघून ओरडला.

घारनं केबिनमधला भोंगा सुरू केला. "हात वर आहे तुमचा."

"मग?"

"हात वर आहे तोवर क्रेन हलत नाही. यांच्याकडंही नाही, तुमच्याकडंही नाही."

"मी फक्त त्यांच्यासाठी थांब म्हटलं!"

"असा अर्धा इशारा नसतो, साहेब. खाली घ्या, मी कामाला लागते."

खाली घेतला तर आकडा धाकट्यांकडं जाणार, आणि वर ठेवला तर कुणाकडंच नाही. घाईसाहेबाला वाटलं, बाई किती वेळ ताणेल? तो हात वर करून उभा राहिला. घारनं पाय लांब केले आणि डबा उघडला.

धक्क्यावर जत्रा जमली. "साहेब, बस थांबवताय का?" एकानं विचारलं. दुसऱ्यानं खुर्ची आणून दिली. साहेबानं हात बदलला तशी कँटीनमधली बाई म्हणाली, "चालेल, चालेल! कुठला हात ते सांगितलेलं नाही."

हसू मावळलं ते लाटा वाढल्यावर. कललेल्या बूस्टरच्या साखळ्या कुरकुरायला लागल्या. इंजिनिअर पोरीनं दिराच्या हातून वॉकीटॉकी ओढून घेतला. "ताई, हात जोडते, त्यांचं घ्या आधी. निदान क्रेन तरी सुरू होईल."

"त्यांचं उतरेपर्यंत तुझं बुडालेलं असेल, बाळ."

"आणि असं थांबून?"

"थांबूनही बुडेल कदाचित."

"मग कशासाठी करताय हे?"

"आज त्यांचं आधी घेतलं की हा धक्का कायमचा त्यांचा. मग पुढच्या वेळी तुझ्या तराफ्याला दोरी बांधायलाही जागा ठेवणार नाहीत ते."

पोरीनं वॉकीटॉकी दिराच्या हातात कोंबला आणि पाठ फिरवली. घारनं डबा मिटून दांड्यावर हात ठेवला.

लाटा काही मोठी कंपनी, धाकटी कंपनी बघत नाहीत. त्यांचाही तराफा झुलायला लागला. घाईसाहेबाचा फोन वाजला. त्यानं मोकळ्या हातानं तो कानाला लावला.

"हो सर... नाही सर, अजून तराफ्यावरच... क्रेन थांबलीय ना, सर... कुणी म्हणजे..."

धक्क्यावरचे सगळे दोन पावलं पुढं सरकले.

"कुणीतरी हात वर केलाय, सर."

दीर लांबून ओरडला, "ना-ना-नाव सांगा की!"

असा काही हशा पिकला की तो फोनमधून पलीकडंही गेला असणार. साहेबाचा चेहरा कानशिलापर्यंत लाल झाला. हात हळूहळू खाली आला, कुणी ओढून घेतल्यासारखा. त्याच क्षणी दिराचा हात फिरला : चल.

आकडा अडकवून साखळ्या सोडताना बूस्टरनं एक झोका घेतला. पोरीनं डोळे मिटले. घारनं झोक्याला विरोध केला नाही. त्याच्यामागं क्रेन नेली, झोका मेल्यावर उचललं. मुडपलेला पाय तराफ्यावर करकरत सुटला. पहिलटकरीण धक्क्यावर आली.

गोदीसाहेब खालून ओरडले, "उद्यापासून खाली!"

"उद्याचं उद्या. आत्ता मोठ्यांचं उतरवायचंय ना? मग बाजूला व्हा."

मोठ्या कंपनीचाही बूस्टर तिनं भर लाटांत तितक्याच जपून उतरवला.

दुसऱ्या दिवशी तिला साखळ्यांच्या खोलीत धाडलं. तिथं बसून ती गंज घासते, कड्या तपासते. तिच्या जागी जो बसला, तो एकेकाळी तिच्या क्रेनखाली उभा राहायला घाबरत होता. आता वरून हुकूम आला की तोही आधी विचारतो, "दोरी कुणाची आधी?" धाकट्यांचे तराफे अजून येतात. मोठ्या कंपनीचा त्यांच्या मागून आला तर समुद्रात ताटकळतो.

मध्यंतरी गोदीसाहेब स्वतः साखळ्यांच्या खोलीत आले. नव्या क्रेनवाल्याच्या हाताला तिचं वळण नव्हतं, आणि बूस्टर महागाचे.

"घाईसाहेब माझ्या खोलीत बसलेत. जाऊन 'चुकलं' एवढं म्हण आणि उद्या वर चढ. एक शब्द आहे, त्यानं जीभ झिजत नाही."

"काय चुकलं?"

"चारचौघांत त्यांचा अपमान झाला."

"माझ्याकडून?" घारनं हातातली कडी खाली ठेवली. "त्यांचा हात खाली येईपर्यंत मी इंचभर हलले नाही, साहेब. एवढा मान या गोदीत त्यांना आजवर कुणी दिलाय?"

गोदीसाहेब आले तसे गेले. घार अजून खालीच आहे. परवाना मात्र मुदत संपायच्या आत नवा करून घेते.