कापडाच्या उलट बाजूला

शिवणवर्गाच्या बाईंची जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा धारदार. टाका वाकडा गेला की अख्ख्या वर्गासमोर पाणउतारा ठरलेला. काम चांगलं झालं तर मात्र तोंडातून शब्द फुटत नसे. एकीचं कौतुक केलं की बाकीच्यांची तोंडं फुगतात, असं त्या म्हणायच्या. खरं तर गोड बोलायची त्यांनाच लाज वाटायची. म्हणून त्या खडूने कापडाच्या उलट बाजूला लिहायच्या: ‘बाही झकास बसली’, ‘हात सुधारतोय’. हा शिंप्याचा खडू, इस्त्री फिरली की नाहीसा होणारा. म्हणजे बोलणी सगळ्यांना ऐकू जायची आणि शाबासकी वाफेबरोबर उडून जायची.

वर्गात सगळ्यांत मोठी होती ती दोन लेकरांची आई. पोरी तिला ‘काकू’ म्हणत. या वयात शिकून कोणाचे झगे शिवणार आहेस, असं नवरा घरी चिडवायचा. पण पास झाली तर गणवेशाच्या कारखान्यात तिला जागा मिळणार होती, म्हणून ती सगळं ऐकून घ्यायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने शर्ट शिवून बाईंपुढे ठेवला. बाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला, पाठीच्या आतून काहीतरी खरडलं आणि उद्या इस्त्री करून आण म्हणून परत दिला.

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे शर्ट चुरगळलेलाच आला. सफाईचे गुण गेले आणि काकू थोडक्यात नापास झाली. बाईंचा पारा चढला. इस्त्री फिरवायला हात मोडले होते का, असं त्यांनी चारचौघींत विचारलं. काकू मान खाली घालून निघून गेली, शर्टही न घेता.

आवराआवर करताना बाईंनी तो शर्ट घडी घालायला उलटा केला. आत त्यांचंच अक्षर जसंच्या तसं होतं: ‘आता तुला माझी गरज नाही.’ ही काकूची चूक नव्हे, आपल्या कंजूष तोंडाची, हे त्यांना लख्ख कळलं आणि स्वतःचाच राग आला. त्यांनी परीक्षकांना गाठून विनवण्या केल्या, पण निकाल बदलला नाही.

शर्ट घेऊन तशाच त्या काकूच्या घरी गेल्या. काकू भांडी घासत होती, नवरा आत पडला होता. जागा गेली ती गेली, हे सांगताना बाईंना तिच्याकडे बघवेना. पुसायचं नव्हतं तर मला बोलली का नाहीस, एवढंच त्यांनी विचारलं.

"ह्यांची काल रात्रपाळी होती, दाखवायचं राहिलं. घरी दाखवायला माझ्याकडे तेवढंच होतं, बाई. तुम्ही तोंडाने कधी बोललात?"

बाईंनी हातातला शर्ट पुढे केला, तर नापास झालेला शर्ट आता कोणाला दाखवू, असं म्हणून काकूने तो घेतलाच नाही. मग बाई कशाबशा म्हणाल्या, "तू छान शिवतेस गं. माझ्यापेक्षाही छान."

काकूने हात पुसले.

"जरा मोठ्याने म्हणा," ती म्हणाली. "आत ऐकू गेलं नसेल."