डाव्या हातासाठी फळी

कुठल्याही अनोळखी वस्तूला तारवाले काका आधी हाताच्या पाठीने स्पर्श करीत. तळहात लावला आणि वस्तूत वीज असली तर बोटं मिटतात, मग सुटत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पण ही सवय विजेपुरती राहिली नव्हती. चहाचा पेला, पिकायला ठेवलेला फणस, तापाने फणफणलेल्या पोराचं कपाळ, सगळ्याला आधी हाताची पाठ. तुम्ही हसाल. आम्हीही हसायचो.

शहापुरात आमच्या घरामागे भाताची गिरणी होती. तिच्या इंजिनावर वीज तयार करणारा एक डायनामो चाले आणि तो सांभाळायला काका होते. मुंबईच्या एका कापडगिरणीत वायरमन म्हणून उमेदीची वर्षं घालवून ते जवळच्या शेणव्याला आपल्या गावी परतले होते. म्हणून सगळे त्यांना तारवाले काका म्हणत.

माझा धंदा घरच्या पडवीतला. विळे-कोयत्यांना धार लावायची, कंदील आणि स्टो दुरुस्त करायचे. धसईच्या बाजाराहून येताना बैलगाडी उलटली आणि माझा उजवा हात कोपरापासून निकामी झाला. एका हाताने दगडी चाक फिरवायचं की विळा धरायचा? मग चाक बायको फिरवू लागली. चूल, पाणी, पोरं आणि वर हे चाक. संध्याकाळी तिला खांद्याच्या वर हात नेता येईना. मीच धंदा मोडायच्या विचारात होतो.

काकांनी हे गिरणीच्या खिडकीतून पाहिलं होतं. एक दिवस आले, चाकाला हाताची पाठ लावली आणि म्हणाले, "भाऊ, ह्याला मोटर लावू."

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. मुंबईच्या जुन्या बाजारात लष्कराचा माल ढिगाने पडला होता. त्यातून त्यांनी मोटर शोधून आणली, मागाहून एक ड्रिल आणि फुटक्या पत्र्याला डाख लावायची विजेची सळई. गिरणीमालकाला विचारून आमच्या पडवीपर्यंत तार ओढली. गिरणी चालू असेल तोवर मलाही वीज.

पण जोडायची जागा एकच. मोटर काढा, ड्रिल लावा; ड्रिल काढा, सळई लावा. एका हाताला ते जमेना. म्हणून मी वायर दातात धरून प्लग खुपसू लागलो. जमतंय म्हणून मनात खूशही होतो.

एकदा नेमके काका दारात आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "सोड!" ते ओरडले. एरवी मला अहो-जाहो करणारा माणूस. "दातात वायर? तिची कातडी फाटली आसती मंजे? विजेला वलख नाय रे कोनाची!" आणि मग मटकन उंबऱ्यावर बसले.

दुसऱ्या दिवशी ते सागवानी फळी घेऊन आले. मला स्टुलावर बसवलं, डावा हात सहज कुठवर पोचतो ते कोळशाने भिंतीवर आखलं. फळीवर ओळीने प्लगच्या जागा केल्या आणि प्रत्येकीच्या शेजारी तिचं स्वतंत्र पितळी बटन. सगळ्यांना मिळून एक मोठा खटका, तो खाली, माझ्या गुडघ्याजवळ. "हात गुतला आसंल तर गुडघ्यानं दाबा. समदं बंद." आता प्लग काढायचे नव्हते. सगळी यंत्रं कायमची जोडलेली. हवं त्याचं बटन दाबायचं.

पडवीबाहेर खड्डा खणून त्यांनी त्यात कोळसा आणि मीठ भरलं, मधे जाड तार पुरली. काही बिघडलं तर वीज अंगात न येता जमिनीत जावी म्हणून. बायकोला म्हणाले, "वयनी, ह्यात रोज तांब्याभर पानी घाला."

"कसलं झाड आहे हे?"

"हे उगवनार नाय. पन पानी चुकवू नका."

तिने ते कधी चुकवलं नाही.

फळी बसली त्या दिवशी मी डाव्या हाताने बटन दाबलं. चाक फिरलं. सवयीने बायको चाकाजवळ येऊन उभी राहिली होती. काका तिला म्हणाले, "आता तुमी बसा." ती बसली. तिचे डोळे भरून आले ते मी पाहिलं आणि मान खाली घालून कोयत्याला धार लावत राहिलो.

त्या फळीवर आमचं घर चाललं.

पुढे एका सुगीच्या तोंडावर काका तापाने गेले. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. शेणव्याला गेलो, तर त्यांची बायको ओटीवर बसलेली. मला पाहून ती उठली, आतून विळा आणून माझ्यापुढे धरला.

"भात उभं हाय. ह्याला धार लावून द्या. ते म्हनायचे, भाऊसारखी धार कुठं नाय."

मला ते कधी असं म्हणाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी धार लावलेला विळा घेऊन गेलो तेव्हा ती शेतातच होती. तिने तो घेतला, वाकून एका ओढीत पहिली मूठ कापली. क्षणभर पात्याकडे पाहिलं, आणि पुढची मूठ धरली.