कॅलिपरसकट दर्शन

मी दोन वर्षांची असताना ताप आला आणि जाताना डावा पाय घेऊन गेला, असं आई सांगायची. तेव्हापासून त्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आहे आणि तो बुटातच बसवलेला असतो. बूट काढला की कॅलिपर निघतो, कॅलिपर निघाला की मला उभं राहता येत नाही. सात-आठ वर्षांची होईपर्यंत आईने कडेवर घेऊन गाभाऱ्यापर्यंत नेलं. पुढे मी जड झाले. मग घरचे आत जायचे आणि मी देवळाबाहेर सगळ्यांच्या चपला राखत बसायचे. माझा गणपतीवर जीव होता. त्याचा माझ्यावर आहे की नाही, याची मात्र खात्री नव्हती.

पाण्यात कॅलिपर लागत नाही, म्हणून वडिलांनी पाठीला डबा बांधून मला विहिरीत सोडलं. ते पोहणं सिंगापूरपर्यंत सोबत आलं. आंग मो किओ भागातल्या एका कंपनीत नोकरी, क्लेमेंटीत भाड्याची खोली आणि रोज सकाळी पोहण्याचा तलाव. आठवडेच्या आठवडे तोंडातून मराठी शब्द जायचा नाही. फार एकटं वाटायचं. पोहताना मनातल्या मनात गणपतीशी बोलायचे, म्हणजे बहुतेक वेळा भांडायचेच.

एका वर्षी अपंगांच्या जलतरण स्पर्धेत मला रौप्यपदक मिळालं. इथल्या मराठी मंडळाने गणेशोत्सवात माझा सत्कार ठरवला. आईची साडी नेसून, कुबडी टेकत मी भाड्याने घेतलेल्या त्या हॉलमध्ये पोचले. मूर्ती स्टेजवर होती आणि दाराशी चपलांचा ढीग. मंडळाचे सेक्रेटरी, ज्यांना सगळे काका म्हणायचे, माझ्या बुटाकडे बघून चाचरले.

"ताई, आत बाप्पा आहेत ना, बूट घालून कसं... तुमचा सत्कार इथे बाहेरच करू या. उगाच तुम्हाला त्रास नको."

ते इतक्या प्रेमाने बोलले की धड रागावताही येईना. "चालेल की," मी हसून म्हणाले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. कुणीतरी कागदी बशीत मोदक आणून दिला. आतून हसण्याचे आवाज येत होते. एवढी पोहून आले तरी मी तुझ्या दाराबाहेरच, मी गणपतीला म्हटलं. आता तू बोलावलंस तरच येईन, नाहीतर तुझा नाद सोडला.

तेवढ्यात हॉलची साफसफाई करणारी एक वयस्कर चिनी बाई बादली घेऊन आली. इथल्या पद्धतीने वाक्याला 'लह' जोडत तिने विचारलं,

"व्हाय यू सिट हिअर? युअर पीपल ऑल इनसाइड, लह."

मी बूट दाखवला. बूट आत चालत नाही, काढताही येत नाही, असं सांगितलं.

"डर्टी, इज इट?" असं म्हणून तिने एक कोरं फडकं पाण्यात बुडवून पिळलं आणि ती सरळ माझ्यासमोर फरशीवर बसली. मी पाय मागे घेतला. आईनंतर, डॉक्टर सोडले तर, मी कुणालाही कॅलिपरला हात लावू दिला नव्हता. कुणी मदतीला पुढे आलं की त्याचं बोलणं संपायच्या आत माझं "नको" तयार असायचं. तोच माझा ताठा. बाई मात्र हात पुढे करून तशीच थांबली.

"कम, गर्ल. नेव्हर माइंड."

मी पाय पुढे केला. तिने बुटाच्या तळाच्या खाचांतली माती नखाने काढली, पट्ट्या पुसल्या, कुबडीचं रबरी टोकही पुसलं. "नाऊ क्लीन. यू गो," म्हणाली आणि बादली उचलून निघून गेली.

पूजेत आपण आधी देवाचे पाय धुतो. त्या दिवशी देवाच्या दारात कुणीतरी माझे धुतले. याहून वेगळं बोलावणं ते काय असणार?

मी आत गेले. काकांनी काही म्हणायला तोंड उघडलं, तर मी म्हटलं, "काका, पाय धुऊन आलेय." ओल्या बुटाकडे त्यांनी क्षणभर पाहिलं आणि पायऱ्यांपाशी हात पुढे केला. मी तो धरला. मूर्तीसमोर उभी राहिले तेव्हा इतक्या वर्षांच्या तक्रारींपैकी एकही आठवेना. शरण जाणं म्हणजे दाराबाहेर गप्प बसणं, असंच मी समजत आले होते. खरं तर पाय पुढे करणंच मला जमत नव्हतं.

नंतर त्या बाईला शोधलं, पण तिची ड्यूटी दुसरीकडे लागली होती. याला मी चमत्कार म्हणत नाही. पुढच्या वर्षी मंडळाकडे दाराशी पाण्याची बादली आणि फडकी मागितली. मग पायऱ्यांशेजारी उतार मागितला, मग इतर हॉलवाल्यांकडे, तलावांकडे, माझ्या कंपनीकडे गेले. "चालेल की" म्हणणारी जीभ "नाही चालणार" म्हणायला शिकली. आज अपंगांसाठी जे काही बोलते, ते तिथून सुरू झालं.

बादली ठेवली त्या पहिल्या वर्षी तिच्यापाशी मीच बसले होते. इथे आपल्या मुलीकडे राहायला आलेले एक आजोबा वॉकर घेऊन आले आणि सवयीने बाहेरच थांबले. मी वॉकरचे चारही पाय पुसून दिले. आत जाऊन ते बराच वेळ मूर्तीसमोर उभे राहिले. परत येताना माझ्यापाशी थांबले.

"पोरी, मला वाटलं होतं, आता आपलं दर्शन फोटोतच."

मी मान खाली घालून फडकं पिळत राहिले. बाप्पा, तुझे उपकार.