पायऱ्यांवरचा पाला

डोंगरावरच्या त्या जुन्या, इंग्रजी अमदानीतल्या हॉटेलात मी शांततेसाठी गेले होते. सकाळी खालच्या वाडीतल्या हौसाबाईंनी अंगण लख्ख झाडलं आणि पाटीतला थोडा वाळका पाला पुन्हा पायऱ्यांवर पसरला.

"पाव्हण्यांना जंगल दिसाया पायजे," त्या म्हणाल्या.

उरलेला पाला शेतात राब भाजायला नेऊ का, असं त्यांनी मॅनेजरला विचारलं.

"इथलं पानही बाहेर न्यायचं नाही, मावशी. हेरिटेज आहे."

भाताचं रोप टाकण्याआधी पाला जाळून जमीन भाजतात. माझी आई तेच करायची. जंगल कामाचं होतं तोवर कुणाला जपावंसं वाटलं नाही. आता ते पाहण्यापुरतं उरलंय.

हे सगळं मनात म्हटलं आणि पायऱ्यांचा फोटो काढायला उठले. हौसाबाई मध्ये येत होत्या. त्यांना जरा बाजूला व्हायला सांगितलं.